श्रावणात वॉशर

पनवेलला फारसं कोणी मुद्दाम जात नाही. पनवेल वाटेत लागतं. पुण्याला निघालेल्याला लागतं, गोव्याला निघालेल्याला लागतं, अलिबागला समुद्र बघायला निघालेल्यालाही लागतं. आणि गाव लागेपर्यंत या सगळ्यांना आणखी एक गोष्ट लागलेली असते. दादरला गाडीत बसताना घेतलेला चहा माणसाच्या शरीरात जेवढा वेळ गुण्यागोविंदाने नांदतो, बरोबर तेवढ्याच अंतरावर हे गाव वसलं आहे. भूगोलाच्या पुस्तकात पनवेलला कोकणाचं प्रवेशद्वार म्हणतात. त्या दारापाशी पोचलेला माणूस पहिल्यांदा काय शोधतो, ते पुस्तकात नसतं.

गावाला हा अनुभव जुना आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. महाराष्ट्रातली सर्वात जुनी, हे पनवेलकर तुम्ही न विचारता सांगतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली त्याच्याही आदल्या वर्षीची. पुढे १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही सिडकोची वस्ती आणि आजूबाजूची गावं तिच्यात आली. पालिकेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. माझा विषय खाजगी मालकीचा आहे. मिसळीचं हॉटेल, मालवणी खानावळ, साड्यांचं दुकान, मॉल. आणि त्यांच्या गल्ल्यामागून, गॅसच्या सिलिंडरांना वळसा घालून, 'डावीकडे शेवटी' जाणाऱ्या बोळातला तो दरवाजा. त्या दरवाजामागच्या गोष्टींची बिघडायच्या आधी, ठरवून, वेळापत्रकाप्रमाणे देखभाल करायची असते, असं शास्त्र आहे. शास्त्र आहे म्हटल्यावर ते आपण मानतोच. करत नाही, एवढंच.

कारण आपल्याकडे वस्तूच्या दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. 'बंद पडायच्या बेतात' ही तिसरी अवस्था फक्त प्लंबरला दिसते, आणि म्हणून मालकाचा तिच्यावर विश्वास नसतो. 'चालतंय ना? मग हात लावू नको,' हा आपल्या घराघरातला तांत्रिक कायदा. रेडिओच्या काळात तो पोरांसाठी होता, आता प्लंबरसाठी आहे. चालू वस्तूला मुद्दाम हात लावायचा आणि वर त्याचे पैसे मोजायचे, ही कल्पना मालकाच्या गळी उतरवणं फार कठीण. वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे ज्याला सगळे ए.एम.सी. म्हणतात तो, एकदा कोणी त्याच्या गळ्यात मारलाच, तर वर्षभर काही बिघडलं नाही की त्याला पैसे बुडाल्याचं दुःख होतं. आणि काही बिघडलं की तो विचारतो, मग ए.एम.सी. कशाला दिली होती?

यंत्रांचा आपण मान राखत नाही असं मात्र नव्हे. खंडेनवमीला याच हॉटेलात पाण्याची मोटर, मिक्सर, बिलाचं मशीन आणि डिलिव्हरीची स्कूटर यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. फ्लशच्या टाकीला कोणी झेंडू वाहत नाही. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न आहे, समजू शकतो. पण निदान त्या निमित्ताने वर्षातून एकदा तिचं झाकण तरी उघडलं असतं.

झाकणाखाली बघण्यासारखं पुष्कळ आहे. पनवेलमधल्या एका खानावळीत मी ते प्लंबरच्या खांद्यावरून पाहिलं. टाकीत प्लॅस्टिकचा एक फुगा तरंगतो. पाणी चढलं की फुगा चढतो, आणि फुगा चढला की दांडीच्या मुळाशी असलेलं पाण्याचं तोंड दाबून बंद होतं. हा बॉल कॉक. तोंड बंद होतं ते एका रबरी वॉशरमुळे. वॉशर शर्टाच्या बटणाएवढा. बोअरच्या, टँकरच्या पाण्यातला क्षार त्याच्यावर बसतो, रबर कडक होतं, कडेला चीर जाते. आणि शंभर टक्के बंद होणारं तोंड अठ्ठ्याण्णव टक्के बंद व्हायला लागतं. पुढचं सगळं रामायण त्या उरलेल्या दोन टक्क्यांतून घडतं.

हल्लीच्या टाक्या फार सभ्य असतात. जादा झालेलं पाणी त्या बाहेर सांडत नाहीत, आतल्या आत नळीतून भांड्यात सोडतात. म्हणजे गळती चालू आहे हे कोणालाच कळत नाही. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब, आणि थेंब सेकंदाला एकावर थांबायला बांधील नाही. यथावकाश भांड्याच्या मागच्या बाजूला तांबूस रेघ उमटते. ती घासायला ॲसिडची बाटली येते. ॲसिडने रेघ जाते, सोबत फरशीच्या जोडांतलं सिमेंट जातं, नळाचं क्रोम जातं, आणि बाटली उघडणाऱ्या पोऱ्याचा आवाज दोन दिवस बसतो. मग मे महिन्यात एक दिवस असा उजाडतो की गच्चीवरची टाकी भर दुपारी, जेवणाच्या गर्दीत, ठणठणीत. पनवेलच्या पालिकेचं देहरंगला स्वतःचं धरण आहे, पण उन्हाळ्यात धरणाकडे बघण्यापेक्षा टँकरवाल्याचा नंबर हाताशी ठेवणं शहाणपणाचं, हे इथल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला पाठ असतं. विकतचं पाणी गटारात जातंय म्हटल्यावर मालक गल्ल्यावरूनच ओरडतो. पोऱ्या धावत आत जातो, भांड्याच्या बाजूचा अँगल कॉक गरागरा फिरवून बंद करतो. गळती थांबली. प्रश्न मिटला. फ्लशही थांबला, पण तो आता गिऱ्हाइकाचा प्रश्न.

म्हणून सांगतो, हॉटेलातला फ्लश चालत नसेल तर तो मोडलेला असतोच असं नाही. पुष्कळदा तो चांगला धडधाकट असतो. कोणीतरी त्याचं पाणी तोडलेलं असतं.

इथून पुढचा इतिहास सगळ्यांच्या परिचयाचा आहे. आधी वहीचा कागद लागतो: 'फ्लश चालत नाही, बादली वापरा.' मग बादली येते. बादलीत मग येतो. मग नाहीसा होतो. नवा मग आणतात आणि रेल्वेच्या डब्यातली युक्ती वापरून त्याला साखळी घालतात. साखळी घालणाऱ्याने मोजमाप उभ्याने घेतलेलं असतं, वापरणारा बसलेला असतो, आणि त्या दोन उंचींमधल्या फरकावर आजवर कोणी लिहिलेलं नाही. बाजूच्या जेट स्प्रेचं डोकं तोपर्यंत निखळलेलं असतं, आणि उरलेली नळी सुतळीने खिळ्याला बांधून ठेवलेली असते. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी वेळ, पैसा आणि कल्पकता खर्च केलेली आहे, हे विसरू नये. साखळी, बादली, दोन मग, सुतळी, ॲसिडच्या बाटल्या आणि टँकर यांच्या बेरजेत किती वॉशर बसतील ते ज्याने त्याने काढावं.

शेवटी पाटी लागते: 'दुरुस्तीसाठी बंद'. पाटी हाताने लिहिलेली असेल तर आशा ठेवायला जागा असते. टाइप केलेली असेल तर महिना धरावा. लॅमिनेशन केलेली असेल तर पुढचं हॉटेल गाठावं. पण याबद्दल पनवेलमध्ये गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण तो बहुधा गोवा हायवेवरून आलेला असतो किंवा तिकडे निघालेला असतो. पनवेल ते इंदापूर हा टप्पा रुंद करायचं काम २०११ साली सुरू झालं. ज्याने शाळेत असल्यापासून 'काम चालू आहे' ही पाटी वाचली आणि आता स्वतःच्या पोराला तीच वाचून दाखवतो, त्याला संडासावरच्या पाटीचं काय कौतुक!

साड्यांच्या दुकानाची तऱ्हा वेगळी. तिथे काही बिघडत नाही, कारण वापरूच देत नाहीत. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मिळून बारा-चौदा माणसं येतात, सकाळी अकराला गादीवर बसतात, आणि मानपानाच्या साड्यांपर्यंत पोचता पोचता चार वाजतात. या काळात दुकान त्यांना चहा देतं, कोल्ड्रिंक देतं, पाणी तर सारखंच देतं. एवढं पाजून झाल्यावर मुलाच्या आत्यांनी हळूच विचारलं, की सेल्समन असा चेहरा करतो की जणू त्यांनी शालू फुकट मागितला. मग वरच्या मजल्यावर फोन, चावीची शोधाशोध, 'स्टाफचं आहे हो मावशी' अशी प्रस्तावना, आणि स्टॉकच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आत्याबाई दार उघडतात तर आत आधीच कोणीतरी. हात तुटलेला पुतळा, कमरेला गेल्या दिवाळीच्या दिव्यांची माळ. त्याच्या मागे 'महासेल'चा फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला. पुतळ्याला बाहेर काढावं की त्याच्यादेखत उरकावं, हा निर्णय आत्याबाईंनी कसा घेतला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा न वापरलेल्या संडासाला मात्र वास येतो, आणि दुकानदार चक्रावतो. कोणी जात नाही, तरी वास कुठला? तर फरशीतल्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात दोन इंचांच्या आसपास पाणी कायम साठून राहावं अशी रचना असते. ते पाणी म्हणजेच दार. खालच्या गटाराचा वायू त्यानेच अडतो. महिना-दोन महिने कोणी पाणी ओतलं नाही की ते वाळतं, दार सताड उघडं पडतं, आणि गटार पैठण्यांपर्यंत येतं. उपाय एकच: आठवड्याला एक तांब्या पाणी. याहून स्वस्त देखभाल जगात दुसरी नसेल. पण तांब्याभर पाणी ओतायचं कोणी, हे ठरत नाही. म्हणून दुकानदार उदबत्ती लावतो. उदबत्तीने भागेना तेव्हा डांबराच्या गोळ्या. तरीही भागलं नाही की गुरुजींना विचारून वास्तुशांत.

मॉलमध्ये हे चालत नाही. मॉलमध्ये पद्धत असते. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता लावलेला असतो: तारीख, वेळ, आरसा, बेसिन, फरशी, साबण, सही, सुपरवायझरची सही. वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला वाचायला याहून चांगलं साहित्य नाही. एका मॉलमध्ये दुपारी चारच्या सुमाराला मी असा तक्ता वाचत होतो. रात्री आठपर्यंतच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा आणि सह्या होत्या. संध्याकाळी सहाला आरसा स्वच्छ होता. सातला साबण होता. भविष्यकाळात तिथे फारच उत्तम व्यवस्था होती. वर्तमानकाळात मात्र साबणाच्या डबीखाली हात धरून दोघे उभे होते. मला त्या मुलाचा राग आला नाही. तीन मजल्यांना मिळून एक माणूस ठेवायचा आणि दर तासाची सही मागायची, तर त्याने एकतर झाडू हातात धरावा किंवा पेन. त्याने सकाळीच पेनाचं काम उरकून टाकलं होतं, म्हणजे नियोजन होतं, आणि तेही काटेकोर.

मॉलमधले नळ सेन्सरवर चालतात. पुष्कळ ठिकाणी त्यात सेल असतात, आणि सेल संपतात, ही गोष्ट तक्त्यात नसते. त्यामुळे बेसिनसमोर सुशिक्षित माणसं हात डावीकडे, उजवीकडे, वरून खाली ओवाळताना दिसतात. आरती चालू आहे, फक्त देव प्रसन्न होत नाही. शेजारच्या नळावर कोणाला तरी धार लागते, सगळे तिकडे सरकतात, तोवर ती बंद. मुतारीवरचा सेन्सरही संपावर गेला की त्याच्याकडे मात्र कोणी हात ओवाळत नाही. तिथे माणूस मागे वळून न बघता चालू लागतो. बाहेर पडताना भिंतीवर तीन चेहरे असलेली पाटी: हसरा, मख्ख, रडका. 'आपला अनुभव कसा होता?' तीनही चेहऱ्यांवर एकाच उंचीच्या पोरांच्या बोटांचे ठसे असतात. व्यवस्थापनाला त्यातून नेमकं काय कळतं ते व्यवस्थापनच जाणे.

बाहेरच्या देशांत या विषयाला चांगली प्रतिष्ठा आहे. इंग्लंडात १९८७ पासून दरवर्षी सर्वोत्कृष्ट शौचालयांना बक्षिसं देतात, समारंभ करून. सिंगापूरच्या एका गृहस्थांनी २००१ साली जागतिक शौचालय संघटना काढली, आणि तिच्या स्थापनेचा दिवस, १९ नोव्हेंबर, पुढे संयुक्त राष्ट्रांनी उचलून धरला. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर मुतारीच्या भांड्यात एक माशी रंगवून ठेवलेली असते. पुरुषांचा नेम सुधारावा आणि फरशी कोरडी राहावी म्हणून. पनवेलमध्ये माशी रंगवायचा खर्च वाचेल, पण ती एका जागी थांबणार नाही.

आणि आपण तरी कुठे मागे आहोत? हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडणारे गाडगेबाबा आपले. त्यांच्या नावाने सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान काढलं. कोकणगांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन आपले. डोक्यावरून मैला वाहायची चाल बंद व्हावी म्हणून आयुष्य वेचलं, कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात संडासांचे सुटसुटीत नमुने बांधून दाखवले. देहूचे डॉक्टर सुहास मापुसकर आपले. रोग्यांना औषध देता देता त्यांच्या लक्षात आलं की रोगाचं मूळ हागणदारीत आहे, तेव्हा गावभर संडास बांधून त्यातून गॅस काढून दाखवला. त्यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली, मरणोत्तर. म्हणजे या क्षेत्रात आपल्याकडे संत आहेत, गांधी आहेत, पद्मश्री आहेत. नाही तो फक्त वॉशर.

खरी नियोजित देखभाल मी पाहिली ती पनवेलच्या एका पैसे देऊन वापरायच्या स्वच्छतागृहात, टेबल टाकून बसलेल्या ताईंकडे. टेबलावर सुट्ट्या नाण्यांचा डबा, बाजूला फिनेलचा कॅन, खुर्चीला टेकवलेला वायपर. बारा माणसं आत जाऊन आली की त्या उठतात, दोरी आडवी लावतात आणि सांगतात, 'पाणी मारतेय, पाच मिनिटं दम धरा.' बाहेर बस हॉर्न देत असते, आत जायला आलेला माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर होत असतो, 'अहो ताई, बस सुटेल' म्हणतो. ताई ऐकत नाहीत. 'सुटू दे. दुसरी येते,' म्हणतात. त्यांच्याकडे तक्ता नाही, सेन्सर नाही, हसरा-रडका चेहरा तर नाहीच. गर्दी कधी होते, रात्रीच्या कोकण गाड्या कधी येतात, त्याआधी पिंप भरून ठेवायचं, हे सगळं डोक्यात. बायकांच्या बाजूची कडी निघाली तेव्हा त्यांनी कोणाला अर्ज केला नाही. घरून स्क्रू-ड्रायव्हर आणला.

बायकांची बाजू म्हटलं म्हणून सांगतो. मुतारीला पुरुषाकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि बाईकडून घ्यायचे, या अजब न्यायाविरुद्ध मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाची मोहीम चालली. पुरुषाला गोवा हायवेवर कुठलंही झाड चालतं. त्याच गाडीतली बाई दादरपासून पाण्याची बाटली मांडीवर धरून बसते आणि झाकण उघडत नाही. जिथे खात्री आहे तिथेच ती दोन घोट पिते. एखाद्या हॉटेलवाल्याला धंदा वाढवायचा असेल तर भिंतीवरचं धबधब्याचं चित्र काढून टाकून बायकांच्या बाजूला एक धड कडी आणि एक खुंटी बसवावी. अख्खी बस त्याच्याकडे थांबेल, कारण कुठे थांबायचं हे अशा गाड्यांत पुरुष ठरवत नाहीत.

हेच मी त्या खानावळीच्या शेठना सांगत होतो, ज्यांच्या टाकीत मी डोकावलो होतो. श्रावणातली दुपार. मी श्रावण पाळत नाही, त्यामुळे अशा वेळी मालवणी खानावळीत मला हवं ते टेबल आणि शेठचा भरपूर वेळ मिळतो. दारात 'व्हेज थाळी मिळेल' असा बोर्ड, आणि त्याकडे ढुंकून न बघणारा रस्ता.

'शेठ, आत्ताच करून घ्या काम. गिऱ्हाईक नाही, जागा मोकळी आहे.'

'चालतंय की.'

'बादलीवर चालतंय.'

'बादली नवीन आहे,' शेठ म्हणाले.

पण त्यांचंही मन खात होतं, कारण नुकतीच गटारी होऊन गेली होती. पंचांगात तिला दीप अमावास्या म्हणतात; पनवेलच्या खानावळींत तो वर्षाचा सगळ्यात मोठा दाब-चाचणीचा दिवस. श्रावणापूर्वीची शेवटची रात्र म्हणून लोक महिन्याभराचं खातात, महिन्याभराचं पितात, आणि हिशेब तिथेच चुकता करतात. त्या रात्री शेठची साखळी तुटली, बादली फुटली, दाराची वरची बिजागरी सुटली, आणि दहानंतर चेंबरने वर यायला सुरुवात केली. शेठनी प्लंबरला फोन लावला. त्याने सांगितलं, सकाळी येतो; मी पण जेवायला बसलोय.

हा प्लंबर ओडिशाचा, केंद्रापाड्याकडचा. त्या जिल्ह्याने अर्ध्या भारताच्या पाइपलाइनी जोडल्यात असं म्हणायला हरकत नाही. प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच तिथे पट्टामुंडईला आहे. पनवेलमध्ये राहून त्याचं मराठी आता शेठच्या मराठीपेक्षा स्वच्छ झालंय. चेंबर साफ करायचं ते जूनच्या आधी, हे तो दरवर्षी सांगतो. कारण जूनच्या मध्याला इथे पाऊस लागतो, जमीन पाणी पिऊन फुगते, शोषखड्डे भरतात, चेंबर उलटतात. आणि नेमका त्याच वेळी त्याच्या गावी रजचा सण असतो. तीन दिवस धरणीमाता रजस्वला मानायची, तिला विश्रांती द्यायची, नांगर लावायचा नाही, खणायचं नाही. तो दरवर्षी गावी जातो. पनवेलमध्ये जमीन खणायची सगळ्यात जास्त गरज असताना जमीन खणणारा माणूस जमीन न खणायचा सण पाळत झोपाळ्यावर बसलेला असतो. शेठ दरवर्षी जूनमध्ये त्याला शिव्या घालतात आणि मेमध्ये बोलवायचं दरवर्षी विसरतात.

'बघा शेठ,' प्लंबरने कागदावर हिशेब मांडला, 'आज श्रावण लागून चार दिवस झाले. अमावास्या झाली की चौथ्या दिवशी गणपती. चाकरमानी दोन दिवस आधीच निघतो. तेव्हा तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. काम आत्ताच काढायचं. आणि पुढच्या वर्षी असंच. वर्षातून दोनदा मी स्वतः येणार. मे महिन्यात चेंबर, श्रावणात आतलं सगळं. वॉशर चांगला असला तरी बदलणार.'

'चांगला असला तरी?'

'चांगला असला तरी.'

शेठ गप्प झाले. धर्माला धक्का लागल्यावर माणूस होतो तसे. मग त्यांनी विचारलं, 'जुना वॉशर परत देणार ना?'

मी मध्ये पडलो. नवी मुंबईचा विमानतळ झालाय, शेठ, म्हटलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबरपासून विमानं उतरायला लागली. उद्या परदेशातून आलेली माणसं तुमची सुरमई खायला येतील, हात धुवायला आत जातील. विमानतळाचं नाव काढताच शेठ खुलले. तो झाल्यापासून हॉटेलच्या नावात 'इंटरनॅशनल' घालायचं त्यांच्या मनात आहे. रंगाऱ्याला विचारूनही ठेवलंय. कमोड त्यांनी आधीच बसवलाय. त्याच्या सीटवर बुटांचे दोन स्पष्ट ठसे असतात, आणि वर भिंतीवर 'कमोडवर पाय देऊन बसू नये' असं चित्रासहित लिहिलेलं. चित्रातल्या माणसावर फुली मारायची राहून गेल्यामुळे लोक ते सूचनापत्र समजतात.

'करून टाक,' शेठ शेवटी म्हणाले.

आणि काम झालं. वॉशर नवा, बॉल कॉक नवा, अँगल कॉक उघडा. ट्रॅपवर स्टीलची जाळी, दाराला तीनही बिजागऱ्या, बायकांच्या बाजूला कडी आणि खुंटी. चेंबरमधून काय काय निघालं ते जेवणाच्या ठिकाणी सांगण्यासारखं नाही; एक चमचा ओळखीचा निघाला. बटण दाबलं की पाणी असं गर्जत येई की शेठ दिवसातून चार वेळा काही काम नसताना आत जाऊन दाबून येत, आणि बाहेर येऊन समाधानाने मिशीवरून हात फिरवत.

गणपतीच्या तोंडावर मी पुन्हा गेलो. बसगाड्यांची रांग लागली होती, सुरमई तळल्याचा वास रस्त्यापर्यंत. बोळाच्या शेवटी ते दार होतं, आणि दारावर पितळेचं नवं कोरं कुलूप.

'शेठ, हे काय?'

'आता चांगलं झालंय ना,' शेठ म्हणाले.

'मग?'

'मग काय? कोणीही येऊन वापरायचं?'

तेवढ्यात एक चाकरमानी आला. कडेवर पोरगं, हातात मखराचं थर्माकोल. जेवणाचं बिल त्याने आधीच दिलं होतं. त्याने चावी मागितली. शेठनी गल्ल्यातून चावी काढली, पण हातातून सोडली नाही.

'एक का दोन?'

चाकरमान्याने आजूबाजूला बघितलं. टेबलावरच्या बायका हातातला घास थांबवून ऐकत होत्या.

'एक,' तो हळूच म्हणाला.

'मग त्याला चावी कशाला?' शेठनी चावी परत गल्ल्यात टाकली. 'मागे मोकळं आहे की.'